पासाडेनातली 64 यार्डांची धाव

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, वाइड रिसीव्हर नावाची एक जागा असते. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, खेळी सुरू झाली की धावत सुटायचं आणि क्वार्टरबॅकने, म्हणजे खेळी चालवणाऱ्या खेळाडूने, फेकलेला चेंडू पुढे जाऊन झेलायचा. त्याला रोखायला समोर कॉर्नरबॅक उभा असतो. या कामाला वेग लागतो, आणि तो मोजायची रीतही ठरलेली आहे: 40 यार्डांची धाव. 40 यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. साडेचार सेकंदांत हे अंतर कापलं तर गडी वेगवान, 4.4 च्या आत आला तर फारच वेगवान.

आकडा इतका स्वच्छ असूनही तो वाचणाऱ्यांची नजर कातडीच्या रंगावर अडकते. 4.4 सेकंदांत धावणारा गोरा रिसीव्हर दिसला की त्याचं कौतुक होतं ते मेहनती, चिवट, हुशार म्हणून. तेवढाच वेगवान कृष्णवर्णीय रिसीव्हर आला की सगळे उपजत वेगाबद्दल बोलतात, त्याचा अभ्यास कुणी काढत नाही. पुन्हा सांगतो, कारण आजचा मुद्दा हाच आहे: एकाचे पाय दिसत नाहीत, दुसऱ्याचं डोकं दिसत नाही.

यावर एक प्रसंग ऐका. तारीख 31 जानेवारी 1993, गाव कॅलिफोर्नियातलं पासाडेना, मैदान रोझ बोल, सामना सत्ताविसावा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना. डॅलस काउबॉइज विरुद्ध बफेलो बिल्स. बफेलोचा मुख्य क्वार्टरबॅक जिम केली दुसऱ्याच सत्रात जखमी होऊन बाहेर गेला आणि फ्रँक राइक मैदानात आला. शेवटची साधारण पाच मिनिटं उरली तेव्हा धावफलक होता डॅलस 52, बफेलो 17. सामना कधीच संपला होता.

तेवढ्यात डॅलसच्या जिम जेफकोटने राइकला पाडलं. चेंडू सुटला आणि तो उचलला लिऑन लेटने. लेट बचावफळीतला, साडेसहा फूट उंच, अंगाने भरभक्कम. समोर मैदान मोकळं. चेंडू घेऊन जी रेष ओलांडली की टचडाउन होतो, तिथपर्यंत 64 यार्ड. ही धाव पुरी झाली असती तर सहा गुण, टचडाउननंतरच्या किकचा एक गुण धरून डॅलसचे एकूण 59. सुपर बोलमध्ये तोवर कुणी 55 च्या वर गेलं नव्हतं. तो विक्रम 1990 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने केला होता.

आता डॉन बीबी कुठे होता ते पाहा. बीबी बफेलोचा रिसीव्हर, गोरा, अंगाने सडपातळ. पास झेलण्यासाठी तो उलट्या दिशेला पुढे धावत गेला होता. म्हणजे लेटने चेंडू उचलला तेव्हा बीबी त्याच्या मागे होता, आणि त्याला आधी थांबून, वळून, मग धावायला सुरुवात करायची होती. लेट धावतोय, मागून बीबी येतोय. दहा यार्ड राहिले तसा लेट मंदावला आणि त्याने उजव्या हातातला चेंडू बाजूला लांब धरला, मिरवत. अगदी रेषेपाशी, जेमतेम एक यार्ड उरला असताना, बीबीने मागून हात मारला. चेंडू उडाला आणि एंड झोनमधून, म्हणजे त्या रेषेपलीकडच्या पट्ट्यातून, बाहेर गेला. डॅलसला शून्य गुण, चेंडू बफेलोकडे, 20 यार्डांच्या रेषेवर. विक्रम राहिला तसाच.

एंड झोनमधून चेंडू बाहेर गेला की तो प्रतिस्पर्ध्याला मिळतो, या नियमावर अमेरिकेत सतत ओरड चालू असते की शिक्षा फार कडक आहे. माझं मत स्पष्ट आहे: नियम योग्य आहे, बदलू नये. एंड झोन ही बचाव करणाऱ्यांची जागा. तिथपर्यंत आणून चेंडू सांभाळता आला नाही, तर तो त्यांचाच. असो.

तर हा प्रसंग तिथल्या मुलांना आजही सांगितला जातो तो हार न मानण्याचा धडा म्हणून. 35 गुणांनी मागे असूनही बीबी धावला, हे खरं आहे आणि थोर आहे. पण जरा गणित करू. लेटच्या बांध्याचा खेळाडू 40 यार्डांना सुमारे 5 सेकंद घेतो, म्हणजे सेकंदाला 8 यार्ड. 64 यार्डांना 8 सेकंद. बीबीचे आपण हात राखून 4.4 सेकंद धरू. म्हणजे सेकंदाला 9 यार्डांहून थोडं जास्त. त्या 8 सेकंदांत तो जवळजवळ 73 यार्ड कापतो. सुमारे 9 यार्डांचं मागचं अंतर भरून निघालं. आता त्याच्या जागी तितकाच जिद्दी, पण 4.7 सेकंदांत धावणारा माणूस ठेवा. तो 68 यार्डांवर राहतो, म्हणजे फार तर 4 यार्ड भरून काढतो. जिद्द तीच, पण चेंडूपर्यंत हात पोचत नाही. बीबीने लेटला गाठलं ते पायांनी. तरी त्या क्षणाच्या वर्णनात वेग मागे पडला आणि चिकाटी पुढे आली.

वेग न दिसल्याने मैदानावर काय घडतं? वेगवान रिसीव्हरसमोर कॉर्नरबॅक सात-आठ यार्ड मागे उभा राहतो आणि त्याच्या मदतीला सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, असतो. रिसीव्हर संथ वाटला तर कॉर्नरबॅक पाच यार्डांवर येतो आणि सेफ्टी दुसरीकडे सरकतो. कॉर्नरबॅक आधी उलट्या पावलांनी मागे सरकतो आणि रिसीव्हर अंगाशी आला की कंबर वळवून धावू लागतो. ही कंबर 0.2 सेकंद उशिरा वळली तरी दोन यार्ड हातचे जातात, कारण पूर्ण वेगातला रिसीव्हर सेकंदाला 10 यार्डांच्या आसपास धावतो. आणि दोन यार्ड मोकळे मिळाले की क्वार्टरबॅकला पास द्यायला तेवढे पुरतात.

ग्रीन बे संघाचा रिसीव्हर जॉर्डी नेल्सन नेमका यावर जगला. शाळेत असताना कॅन्ससमध्ये धावण्याच्या शर्यती जिंकलेला हा गोरा मुलगा. 2011 च्या हंगामात त्याने 68 झेलांत 1,263 यार्ड आणि 15 टचडाउन केले. दर झेलाला साडेअठरा यार्ड, म्हणजे लांबच लांब पास. त्याच संघातला कृष्णवर्णीय रिसीव्हर ग्रेग जेनिंग्ज आणि क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स यांनी तेव्हा उघड सांगितलं की नेल्सन गोरा आहे म्हणून प्रतिस्पर्धी त्याला कमी लेखतात. 2014 मध्ये त्याने 1,519 यार्ड केले.

जाता जाता घड्याळाबद्दल. हाताने दाबलेलं घड्याळ सहसा 0.1 ते 0.2 सेकंद कमी दाखवतं. धावणारा हलल्यावर मग बोट हलतं, शेवटची रेष मात्र येताना दिसत असते. त्यामुळे आकडा ऐकला की तो हाताचा की विजेच्या यंत्राचा, हे आधी विचारावं.

आता दुसरी बाजू, कृष्णवर्णीय खेळाडूंची. बॉब हेज 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये 100 मीटरचा विजेता. डॅलसने त्याला 1964 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांमध्ये, सातव्या फेरीत, 88व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच हंगामात, 1965 मध्ये, 1,003 यार्ड आणि 12 टचडाउन. एकट्याने पेलवेना म्हणून बचाव करणारे त्याच्यावर माणसाऐवजी जागा वाटून पहारा ठेवू लागले. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, तो 2009 मध्ये आला, मृत्यूनंतर सात वर्षांनी. मार्लिन ब्रिस्को या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने 1968 मध्ये डेन्व्हरकडून 14 टचडाउन पास फेकले. पुढच्याच वर्षी तो बफेलोत रिसीव्हर झाला होता.

आणि बिल पोलियन. नेब्रास्कातल्या चॅड्रन स्टेट या छोट्या कॉलेजातून बीबीला 1989 मध्ये तिसऱ्या फेरीत उचलणाऱ्या बफेलोचे ते तेव्हाचे जनरल मॅनेजर. पारखी माणूस. 2018 मध्ये विश्लेषक म्हणून त्यांनी कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक लमार जॅक्सनला रिसीव्हर होण्याचा सल्ला दिला. जॅक्सनने रिसीव्हरची चाचणी द्यायला नकार दिला आणि बाल्टिमोरने त्याला ड्राफ्टमध्ये 32व्या क्रमांकावर क्वार्टरबॅक म्हणून घेतलं. 2019 च्या हंगामात त्याने 36 टचडाउन पास फेकले आणि सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत 50 पैकी 50 मतं मिळवली. त्याच हंगामात पोलियन यांनी आपला अंदाज चुकल्याचं जाहीर मान्य केलं.

सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे दिसतो. पाहणार असाल तर चेंडू हलण्याआधी एकदा कडेला नजर टाका, कॉर्नरबॅक किती यार्ड मागे उभा आहे ते मोजा, आणि मग समोरच्या रिसीव्हरची 40 यार्डांची वेळ शोधा. नमस्कार.