किरणांआधीचं काम

स्तनाच्या कर्करोगामुळे दोन्ही स्तन काढलेल्या या पेशंटचा रेडिएशनचा उपचार अजून सुरू झालेला नाही. हा फक्त मापासाठीचा सीटी स्कॅन आहे. दोन्ही हात डोक्यावर, आधाराला टेकवलेले. शस्त्रक्रियेनंतर खांदे आखडतात, त्यामुळे इथवर हात नेण्यासाठीच आधी व्यायाम करावा लागतो. टाक्यांच्या व्रणांवर बारीक तारा चिकटवल्यात, स्कॅनमध्ये व्रण दिसावेत म्हणून.

पडद्यावर वरखाली होणारी ही रेघ म्हणजे पेशंटचा श्वास. खोल श्वास घेऊन वीसेक सेकंद रोखला, की फुप्फुसं फुगतात आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरकतं. डावीकडचा स्कॅन नेहमीच्या श्वासातला, उजवीकडचा रोखलेल्या श्वासातला. हृदय आणि छातीच्या भिंतीमधली ही काळी फट पाहा. सगळी धडपड तिच्यासाठी. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसातल्या दर एका ग्रेमागे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) गंभीर हृदयविकाराचा धोका सुमारे 7.4 टक्क्यांनी वाढलेला आढळला.

दोन्ही स्तन काढले म्हणून दोन्ही बाजूंना रेडिएशन लागतंच असं नाही. इथे मात्र लागणार आहे, आणि गणित तिथेच अवघड होतं. एरवी एक फुप्फुस तरी बाजूला राहतं. इथे ती सोय नाही. दोन्हीकडून तिरके किरण सोडले तर त्या किरणांचा सांधा छातीच्या मधल्या हाडापाशी येतो. किरण एकमेकांवर चढले तर तिथे डोस जास्त, फट राहिली तर कमी. मशीन गोल फिरवत किरण दिले तर सांध्याचा प्रश्न सुटतो, पण थोडा थोडा डोस दोन्ही फुप्फुसांत आणि हृदयात पसरतो.

डॉक्टरांनी स्कॅनच्या एकेका कापावर हृदय, फुप्फुसं, हृदयाची पुढची रक्तवाहिनी, सगळं रेखून दिलंय. आता खुर्चीत मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचे कोन आणि डोस आखणारे. एक कोन बदलला की डोसाच्या आलेखातली फुप्फुसाची रेघ खाली येते आणि हृदयाची वर चढते. हा प्लॅन रद्द. पुढचाही. पेशंटची आणि यांची गाठ क्वचितच पडते. फाईलवर सही तेवढी असते.

मंजूर झालेला प्लॅन आधी या ठोकळ्यावर चालवून डोस मोजतात. मग पेशंट. 15 किंवा 25 दिवसांचा कोर्स, रोज काही मिनिटं. त्वचा लाल होते, थकवा येतो, क्वचित काही महिन्यांनी फुप्फुसाला सूज येऊन कोरडा खोकला लागतो.

श्वासाची रेघ पडद्यावर आखलेल्या हिरव्या पट्ट्याबाहेर गेली, की किरण आपोआप बंद. श्वास सोडायचा, पुन्हा घ्यायचा, आणि उरलेला डोस तिथून पुढे.