आधी पोटोबा: अंधाऱ्या गुहेसाठी एक प्राणी बनवताना

तर मंडळी, सुरुवातीला मी पाच मिनिटं दिली होती आणि सांगितलं होतं की ठार अंधाऱ्या गुहेत जगेल असा एक काल्पनिक प्राणी काढा, ते कागद आता माझ्या हातात आहेत आणि खरं सांगू का, चित्रं झकास आलीयत. एकाला सहा डोळे, तेही टॉर्चसारखे उजेड फेकणारे. एकाची शेपटी चमकते. एकाला वटवाघळाचे पंख आहेत आणि वर विषारी दातपण. पण हा सगळा लवाजमा खातो काय? एकाही कागदावर ते लिहिलेलं नाही. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात ना, ते प्राणी डिझाइन करतानाही तसंच आहे, आधी जेवण किती मिळणार ते बघायचं आणि मग तेवढ्यात कुठले अवयव परवडतात ते.

आता गुहा म्हणजे तोंडाजवळची नाही हं, आत खोलवरची, चुनखडीची, जिथे हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही. तिथलं तापमान वर्षभर जवळपास सारखंच असतं, बाहेरच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास, हवा इतकी दमट की अंग सुकत नाही, ऊन नाही, वारा नाही, मोठे शिकारीही फारसे नाहीत. राहायला जागा तशी वाईट नाही! फक्त उजेड नाही म्हणून झाडं नाहीत, आणि झाडं नाहीत म्हणून तिथे जवळपास काही पिकतच नाही. पुराच्या पाण्याबरोबर वाहून आलेला पालापाचोळा, वटवाघळांची विष्ठा, एखादा मेलेला किडा, संपलं. मनिऑर्डरवर चालणारं घर आहे ते, आणि मनिऑर्डर कधी येईल त्याचा नेम नाही.

याला अपवाद आहे आणि तो मला फार आवडतो म्हणून सांगते. रुमानियात मोविले नावाची गुहा आहे, ती 1986 मध्ये खोदकाम करताना सापडली, त्याआधी लाखो वर्षं ती बाहेरच्या जगापासून बंद होती. तिथे बॅक्टेरिया हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन वापरून अन्न बनवतात आणि बाकीचे जीव त्यांच्यावर जगतात, सूर्याची गरज नाही. पण आपण नेहमीचीच गरीब गुहा घेऊ.

आता कात्री लावायची. पहिला सस्तन प्राणी आणि पक्षी कटाप. शरीर गरम ठेवायला भयंकर इंधन लागतं, तेवढ्याच वजनाच्या सरड्याच्या पाच ते दहा पट तरी धरा. तुम्ही म्हणाल वटवाघूळ राहतंच की गुहेत. राहतं, पण जेवायला बाहेर जातं! दक्षिण अमेरिकेतला ऑइलबर्ड पण तसाच, हम्बोल्ट नावाच्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने 1799 मध्ये व्हेनेझुएलाच्या एका गुहेत हे पक्षी पाहिले होते, ते अंधारात टकटक आवाज काढून प्रतिध्वनीवर वाट काढतात आणि रात्री फळं खायला बाहेर. म्हणजे हे सगळे लॉजिंगवाले, बोर्डिंग बाहेर. आपल्याला कायम आत राहणारा पाहिजे.

चमकणारी शेपटी पण जाऊ दे. न्यूझीलंडच्या गुहांमध्ये चमकणाऱ्या अळ्या आहेत, त्या छताला चिकट धागे सोडतात आणि उजेडाला भुलून येणारे उडते किडे पकडतात, पण त्या किड्यांना डोळे असतात. आपल्या खोल गुहेत शेपटी चमकवून दाखवणार कुणाला?

डोळ्यांवर मात्र थोडं थांबूया, कारण इथे सगळे घसरतात. सगळ्यांना वाटतं वापरले नाहीत म्हणून गेले, गंज चढल्यासारखे. तसं होत नाही, तुम्ही आयुष्यभर डोळे बांधून बसलात तरी तुमची मुलं डोळस जन्मतील. होतं असं की डोळे बिघडवणारी म्युटेशन, म्हणजे जनुकांतले आपोआप होणारे बदल, बाहेरच्या प्राण्यांतही होतच असतात, पण बाहेर आंधळं पिल्लू मरतं आणि तो बिघाड तिथेच संपतो, गुहेत ते मरत नाही. आणि दुसरं म्हणजे डोळा महाग आहे. मेक्सिकोत एक छोटा मासा आहे, त्याच जातीचे नदीतले मासे डोळस आणि गुहेतले आंधळे, त्याच्यावर मोजमाप झालंय, डोळे आणि मेंदूतला पाहण्याचा भाग मिळून शरीराच्या विश्रांतीच्या खर्चाच्या 5 ते 15 टक्के खातात, लहान माशाला जास्त भार. जिथे महिनोन्‌महिने उपास आहे तिथे एवढं बिल भरत बसणारा मागेच पडणार ना. गंमत म्हणजे त्या माशाच्या गर्भात डोळा बनायला सुरुवात होते आणि मग तो विरत जातो, आणि ज्या जनुकाचा जोर वाढल्यामुळे डोळ्याची वाढ खुंटते त्याच्याच जोरावर तोंडाजवळ चव ओळखणाऱ्या कळ्या वाढतात. म्हणजे डोळे विकून जीभ घेतली म्हणा.

तर आता आपला प्राणी. नाव ठेवूया चाचपू, कारण तो आयुष्यभर चाचपडतच असणार. साधारण वीतभर लांब, सॅलमँडरच्या घराण्यातला, म्हणजे दिसायला सरड्यासारखा पण नात्याने बेडकाच्या जवळचा, थंड रक्ताचा. फुप्फुसंही काढून टाकली मी, दचकू नका, सॅलमँडरांचं एक अख्खं मोठं कुटुंब फुप्फुसांशिवाय त्वचेतूनच श्वास घेतं, फक्त त्वचा ओली राहायला हवी आणि ती सोय इथे फुकट आहे. पण त्यासाठी अंग बारीक ठेवावं लागतं, जाड झाला की आतपर्यंत ऑक्सिजन पुरणार नाही. रंग नाही, कातडी फिकट गुलाबी. पाय मात्र लांब आणि काडीसारखे. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात आणि इथे अंथरूण एवढुसं असून पाय लांब, कारण डोळ्यांचं काम पायांवर आलंय, गुहेतल्या कितीतरी किड्यांच्या मिशा आणि पाय असेच लांबलचक असतात. पाण्यात उतरला की अंगावरच्या संवेदी पेशींना पाण्याची थरथर कळणार, त्यावरून भिंत कुठे, किडा कुठे. आणि नाक तिखट.

स्वभाव? आळशी. पण विचार करून आळशी. गुहेतला खरा ओल्म घ्या, युरोपातला, वीसेक ग्रॅमचा आंधळा सॅलमँडर, बोस्निया-हर्झेगोविनात काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं तेव्हा एक महाशय 2,569 दिवसांनी त्याच जागी सापडले. सात वर्षं! अन्न नसेल तर हलायचं कशाला, हलण्याचाही खर्च आहेच. ओल्मचं सरासरी आयुष्य 68 वर्षांच्या आसपास मोजलंय आणि मादी सरासरी साडेबारा वर्षांनी एकदा अंडी घालते, पस्तीसेक. चाचपूला मी त्याहून कमी देते, दहा अंडी, पण मोठी, भरपूर बलक असलेली, म्हणजे पिल्लू बाहेर आल्यावर पहिल्याच आठवड्यात जेवण शोधत फिरायला नको.

मागून प्रश्न आलाय, अशाने हा संपणार नाही का? नेहमीसारखं चाललं तर नाही, कारण पिल्लं खाणारं फारसं कोणी नाही. पण काही बिनसलं तर हो, लवकर संपेल. गुहेत घाण पाणी शिरलं तर त्वचेतून श्वास घेणारा पहिला जाणार, आणि दहा-बारा वर्षांनी एकदा अंडी घालणाऱ्याची गेलेली संख्या भरून यायला किती काळ लागेल ते बघा. आणि पूर. जो पूर जेवण आणतो तोच कधीतरी याला उचलून बाहेर उन्हात टाकणार. ओल्मच्या बाबतीत हे होतंच, जोराचा पाऊस झाला की काही झऱ्यातून बाहेर पडतात, आणि आजच्या स्लोव्हेनियातल्या लोकांना वाटायचं की जमिनीखाली ड्रॅगन राहतो आणि ही त्याची पिल्लं, 1689 मध्ये वाल्वासोर नावाच्या तिथल्याच एका लेखकाने तसं लिहूनही ठेवलंय. चाचपूला तर उन्हातून पळायलाही जमणार नाही, डोळे नाहीत, वेग नाही, कातडी सुकत चाललेली. त्याचा काही उपाय माझ्याकडे नाही, कोणाला सुचला तर कागदावर काढून द्या, पण त्या उपायाला रोज किती खायला लागेल ते शेजारी लिहा.