एक दात पुढं, एक दात मागं

जुन्या ट्रॅक्टरचा स्टार्टर दाबला की 'टक्' एवढाच आवाज येतो. बॅटरी भरलेली आहे, वायरी नव्या आहेत. मिस्त्रींनी फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या, दातांत पहार अडकवून जोर लावला. काही हलत नाही. इंजिन जाम आहे.

पण ते चालता चालता जाम झालं, की उभ्या उभ्या? आधी हे ठरवायचं. चालताना ऑइल संपलं किंवा पाणी आटलं की अॅल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो आणि लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, घासून धरतो. बेअरिंगही जळतात. असं इंजिन मुळापासून खोलण्यावाचून गत्यंतर नसतं.

उभ्या उभ्या जाम झालेल्याचं कारण बरेचदा वरच दिसतं. आकाशाकडं तोंड केलेला सायलेन्सर, आणि त्यावर टोपी नाही. पाऊस त्यातून आत उतरतो. इंजिन थांबलं तेव्हा ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला, तिथं पाणी साचतं. लायनर बिडाचा, त्याला गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि पिस्टनवरची रिंग व लायनर यांच्यातली बारीकशी फटही बुजून जाते. तीन सिलिंडरच्या या इंजिनात दोन पिस्टन कदाचित ठणठणीत असतील. एकानं बाकीच्यांना अडवून ठेवलंय.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, 'गिअरमध्ये टाका आणि दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढा.' मागची चाकं फिरायला बघतात, क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरत नाही, आणि सगळा ताण अडकलेल्या पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकतो. पिस्टन सुटलाच, तरी रिंगा तुटायची भीती राहतेच. गंजानं जाम झालेली इंजिनं जेवढी बिघडतात, त्याहून जास्त अशा ओढाओढीत बिघडतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता चेंबरकडं, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीकडं बघा. खालचा नट मिस्त्री काढत नाहीत, नुसता सैल करतात. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळं ते तळाला बसलेलं असतं. आधी येते ती पाण्याची धार. मग ती तपकिरी होते, आणि नंतर काळं, दाट ऑइल ओघळू लागतं. पाणी इथवर पोचलंय, म्हणजे बेअरिंगही तपासावे लागणार.

डिझेल फवारणारे नोझल काढून त्यांच्या भोकांतून सिलिंडरमध्ये पातळ मिश्रण सोडलंय: अर्धं अॅसिटोन, अर्धं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. ही दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून ओतण्याआधी बाटली हलवायची. अॅसिटोन भडकन पेटतं, तेव्हा जवळपास ठिणगीसुद्धा नको. मग थांबायचं. पातळी उतरली की पुन्हा भरायचं. ती उतरतेय, म्हणजे मिश्रण रिंगांपर्यंत झिरपतंय.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवल्यावर संशय खरा ठरतो. पहिले दोन लायनर काळपट पण गुळगुळीत, तिसऱ्यात नारिंगी गंजाचा पट्टा. व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यांच्या क्रमानंच खोचून ठेवलेत. या तिसऱ्या पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके मारता येतात. मात्र पिस्टन अगदी वरच्या टोकाला असेल तर ठोकून उपयोग नाही. रॉड आणि क्रँक तेव्हा एका रेषेत असतात, मार सरळ बेअरिंगवर बसतो आणि क्रँक जागची हलत नाही.

हा मधल्या उंचीवर अडकलाय. फ्लायव्हीलच्या एका दातावर खडूची खूण केली आहे. ठोका, मग पहार. खूण अर्धा दात सरकली. इथं नवखा माणूस जोर वाढवतो; मिस्त्री उलटं फिरवतात. एक दात पुढं, एक दात मागं. दर फेरीला गंजाची भुकटी ऑइलात सुटते, ती पुसून घ्यायची आणि पुन्हा ऑइल टाकायचं.

क्रँक पूर्ण फिरल्यावर पिस्टन वरच्या बाजूनं काढतात. त्याआधी लायनरच्या तोंडाशी झिजेनं झालेली कड आणि कार्बन खरवडावा लागतो, नाहीतर रिंगा तिथं अडकतात. रॉडच्या कॅपवर नंबर टाकलेत, कारण प्रत्येक कॅप आपल्याच रॉडला बसते. या लायनरला खोल खड्डे पडलेत, तो बदलावा लागणार. जुने ट्रॅक्टर पुन्हा उभे राहतात ते यामुळंच. कव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून जास्त बनलेल्या फर्ग्युसन टीई २० मध्येही लायनर बदलता येतात; ब्लॉक भंगारात घालावा लागत नाही.

इंजिन बांधून झालं. डिझेल लाइनमधली हवा काढली. मिस्त्रींच्या मदतनीसाच्या हातात एक फळी आहे. फार दिवस बंद राहिलेल्या डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल किती जायचं ते ठरवणारा दांडा, पूर्ण उघडा अडकलेला असू शकतो. तसं झालं तर इंजिन बेफाम पळतं आणि थांबवता थांबत नाही. तेव्हा हवा ओढायचं तोंड फळीनं झाकायचं, हातानं कधीच नाही.

स्टार्टर फिरला. पांढरा धूर, दोन-चार ठोके चुकले, मग तिन्ही सिलिंडर लागले. ऑइल प्रेशरचा काटा वर आला. फळी लागली नाही.

मिस्त्री क्लच दाबून गिअर टाकायला जातात, तर गिअर नुसता करकरतो. पेडल तळाला टेकलंय, पण क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली. इंजिन बंद करून ते पेडल दाबून धरायला लाकडाचा तुकडा शोधू लागतात.