बाईक नुसती उभी असते, तरी बॅटरी का उतरते?

नमस्कार मंडळी. ज्यांची बाईक महिन्यातून एखाददुसऱ्या वेळीच बाहेर पडते, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ. अशा बाईकच्या मालकाला एक सल्ला हमखास मिळतो: ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेव, बॅटरी चांगली राहते.’ सांगणारा मनापासून सांगतो, ऐकणारा नेमाने करतो, आणि तरीही बॅटरी बसते. का, ते आकड्यांत बघू.

(फळ्याकडे वळून)

समजा बॅटरी १२ व्होल्टची, ८ अँपिअर-अवरची आहे, म्हणजे ढोबळमानाने एक अँपिअर आठ तास पुरवणारी. सेल्फ मारला की स्टार्टर मोटर दोन-तीन सेकंदांसाठी ८०-एक अँपिअर खेचते. ८० गुणिले ३, भागिले ३६००. झाले साधारण ०.०७ अँपिअर-अवर. तसं फार नाही. आता इंजिन चालू झालं, पण गाडी जागेवरच आहे, आयडलिंगला. या वेगाला गाडीची चार्जिंग यंत्रणा जेमतेम वीज बनवते. त्यातून इग्निशन चालवायचं, फ्युएल पंप चालवायचा, आणि बऱ्याच नव्या गाड्यांचा हेडलाइट तर बंदच करता येत नाही. साधा ५५ वॉटचा बल्ब असेल तर तो एकटाच साडेचार अँपिअरच्या आसपास खातो. बॅटरीच्या वाट्याला समजा अर्धा अँपिअर उरला. पाच मिनिटांत परत गेले ०.०४.

म्हणजे सात घेतले आणि चार फेडले. दर आठवड्याला!

शिवाय इंजिन पुरतं तापत नाही. जळणातून तयार झालेली पाण्याची वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते. बॅटरीसाठी केलेला हा उद्योग इंजिनलाही भोवतो.

पण खरी गळती वेगळीच आहे. चावी काढली तरी घड्याळ चालू असतं, ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची, मेमरी चालू असते, अलार्म असेल तर तो जागा असतो. समजा हे सगळं मिळून २ मिलिअँपिअर खातात. ३० दिवसांचे तास ७२०. गुणाकार केला की १.४४ अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीचा जवळजवळ पाचवा हिस्सा, गाडी जागची न हलता. यात नंतर बसवलेला जीपीएस ट्रॅकर आला आणि आकडा १० मिलिअँपिअर झाला, तर महिन्यात ७.२! बॅटरी होती ८ ची. मग लोक म्हणतात, ‘नवीच बॅटरी होती हो, कंपनीने खराब दिली.’ आधी ट्रॅकर कुठून वीज घेतोय ते बघा ना.

याखेरीज बॅटरी काहीही न जोडता स्वतःहूनही उतरते. उष्णता वाढली की जास्त वेगाने; तापमान १० अंशांनी चढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. तेव्हा गाडी सावलीत लावा.

आता थोडं थांबून एक गोष्ट समजून घ्या, कारण बॅटरी कायमची जाते ती इथे. शिसे-आम्ल बॅटरी उतरते तेव्हा आतल्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. हे नेहमीचंच आहे. चार्ज केलं की ते पुन्हा विरघळतं. पण बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर त्या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि टणक होत जातात. मग ते सहजासहजी विरघळत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कामातून गेला. म्हणून ‘उतरली तर उतरू दे, लागेल तेव्हा चार्ज करू’ हा विचार महागात पडतो.

(मल्टिमीटर दाखवत)

बॅटरी कुठे आहे हे कळायला हे एवढंसं यंत्र पुरे. गाडी काही तास बंद असू द्या, मग मोजा. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलंत तर आकडा फुगलेला येतो, त्यावर विश्वास ठेवू नका. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली. सीलबंद एजीएम, म्हणजे ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली बॅटरी, असेल तर थोडा आणखी वर. १२.४ दिसले की चार्जर लावा. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. १२ च्या खाली असेल तर आजच लावा, रविवारची वाट बघू नका.

चार्जर कुठला? बाईकचा, छोटा. आपल्या ८ च्या बॅटरीला एक अँपिअरच्या आसपासचा बास आहे. क्षमतेच्या एकदशांश, हा जुना हिशेब आजही चालतो. मोटारीचा मोठा चार्जर तिला तापवतो. आणि चार्जर स्वयंचलित हवा, म्हणजे बॅटरी भरली की साडेतेरा व्होल्टच्या आसपास उतरून नुसती राखण करणारा. असा असेल तर जोडून ठेवायला हरकत नाही. साधा, सतत करंट ढकलत राहणारा चार्जर मात्र विसरलात तर बॅटरीतलं पाणी उडवून टाकतो. चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटू शकतो, म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळ ठिणगी नको.

चार्जर नसेल तर चालवा. निदान अर्धा-पाऊण तास, मोकळ्या रस्त्यावर. इंजिन वेगात असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर दोष बहुधा बॅटरीचा नाही, स्टेटर (इंजिनवर वीज बनवणारी कॉइल) किंवा रेग्युलेटर (त्या विजेचा व्होल्टेज आवरणारा) तपासून घ्या.

बाईक दोन-तीन महिने उभीच राहणार असेल तर बॅटरी सोडवून ठेवणं उत्तम. निगेटिव्ह आधी सोडवायचं, बसवताना ते शेवटी लावायचं. उगाच नियम नाही हा. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून चासीला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, टेकला की सरळ शॉर्ट, आणि पाना जागीच वेल्ड होतो. सोडवलेली बॅटरी पूर्ण चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून व्होल्ट बघा. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते म्हणतात, ते हल्लीच्या प्लास्टिकच्या डब्यांना लागू नाही. ठेवा खुशाल.

पाण्याची बॅटरी असेल तर पातळी दोन रेघांमध्ये हवी. फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि वरच्या रेघेपर्यंत भरायचं ते चार्ज झाल्यावर. ॲसिड कधीच घालू नका.

लिथियमवाल्यांनो, तुमचे आकडे निराळे. लिथियम आयर्न फॉस्फेटची भरलेली बॅटरी १३.३ च्या आसपास उभी असते, त्यामुळे १२.८ बघून खूश होऊ नका, ती बरीच रिकामी आहे. तिला लिथियमसाठीचाच चार्जर लावा. सल्फेट काढायचा मोड असलेला जुना चार्जर तिला घातक ठरू शकतो.

राहता राहिली जी बॅटरी खरंच संपलीय. पूर्ण चार्ज करा, रात्रभर काहीही न जोडता ठेवा, सकाळी मोजा. १२.४ च्या खाली आली असेल, किंवा सेल्फ मारताना काटा साडेनऊच्याही खाली कोसळत असेल, तर तिच्यावर आणखी वेळ घालवू नका. नवी घ्या, आणि जुनी दुकानदाराला परत द्या. तिच्यातलं शिसं पुन्हा वापरलं जातं, कचऱ्यात गेलं तर मात्र ते विष आहे.