डुक्कर, विमान आणि बिल

(दृश्य: निर्जन बेटाच्या कुशीतली खाडी. लाल रंगाचं विमान पाण्यावर डुलतंय.)

इटली आणि युगोस्लाव्हियाच्या मधला एड्रियाटिक समुद्र. १९२०चं दशक सरत आलंय. इटलीत मुसोलिनीची राजवट, बाजारात मंदी आणि आकाशात चाचे. हो, विमानातून दरोडे घालणारे चाचे! त्यांना अडवून पोट भरणारा वैमानिक म्हणजे मार्को पागोत. पहिल्या महायुद्धात नाव काढलेला, आणि आता तोंड डुकराचं. असं का झालं, हे सिनेमा धड सांगत नाही, आणि आसपासच्या लोकांनाही त्याचं फारसं नवल वाटत नाही.

सिनेमाचं नाव 'पोर्को रोसो', जपानी ॲनिमेशनपट. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी, साल १९९२. त्या वर्षी जपानमध्ये सगळ्यात जास्त चाललेला जपानी चित्रपट हाच. पण बाहेरच्या जगात मियाझाकींचा स्टुडिओ घिबली म्हटलं की टोटोरो आठवतो, 'स्पिरिटेड अवे' आठवतो. या डुकराची आठवण काढणारे थोडेच.

(दृश्य: विमानाच्या खिडकीतून ढग.)

मुळात ही जपान एअरलाइन्सच्या प्रवाशांसाठी छोटीशी फिल्म होणार होती. लांबच्या प्रवासात कंटाळलेल्या नोकरदारांचा वेळ बरा जावा, एवढाच हेतू. करता करता ती दीड तासाची झाली. त्याच सुमारास युगोस्लाव्हिया फुटला. १९९१च्या शरदात किनाऱ्यावरच्या डुब्रोवनिक शहरावर तोफगोळे पडू लागले, आणि गोष्ट घडते ती याच समुद्रावर. गमतीजमतीच्या कथेत युद्धाची सावली शिरली, ती अशी.

उडण्यावरच्या बऱ्याच सिनेमांना जमीन सोडायची घाई असते. हा मात्र खाली रमतो. चाच्यांना पाडल्यावर मार्को त्यांना सांगतो, अर्धं सोनं ठेवा, विमान दुरुस्त करा. गिऱ्हाईक टिकलं तर धंदा टिकणार ना!

(दृश्य: मिलानमधला कारखाना. लाकडी सांगाडा, रंधा, भुसा.)

विमान मोडतं तेव्हा तो मिलानला पिक्कोलोच्या कारखान्यात जातो. मुलगे कामधंद्याच्या शोधात बाहेर पडलेत, त्यामुळे कामावर सगळ्या घरच्याच बायका. सुना, पुतण्या, चार पैसे मिळवायला आलेल्या आज्ज्यासुद्धा. आणि विमानाचे आराखडे काढणार पिक्कोलोची सतरा वर्षांची नात, फियो. मार्को आधी नाक मुरडतो. मग तिचं काम बघतो आणि गप्प बसतो. जेवायच्या वेळी म्हातारा पिक्कोलो प्रार्थना करतो: बायकांच्या हातून लढाऊ विमान बांधून घेतोय, देवा, हे पाप पोटात घाल. आणि सगळे जेवायला लागतात. बिलाचा आकडा मात्र कुणाच्याच पोटात मावत नाही.

आता उड्डाण. मुसोलिनीचे गुप्त पोलिस दारात, चाचणी घ्यायला वेळ नाही, आणि धावपट्टी म्हणजे शहरातला अरुंद कालवा. पाण्यावरून उठणं सोपं नसतं. भिजलेल्या फरशीला काच चिकटावी तसं पाणी विमानाचं पोट धरून ठेवतं. म्हणून अशा विमानाच्या तळाला मध्येच एक पायरी काढलेली असते. वेग वाढला की पाणी त्या पायरीशी तुटतं, विमान वर सरकतं आणि पृष्ठभागावर घसरू लागतं. तिथून पुढे हवेत. समोर पूल, समोरून येणारी होडी, विमान एकदा उचलतं, पुन्हा आपटतं. पाण्याच्या प्रत्येक थेंबाला वजन आहे, असं वाटायला लावणारी ही दोन-तीन मिनिटं. माझ्या मते अख्ख्या सिनेमात याला तोड नाही.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. शर्यतीची विमानं.)

मार्कोचा प्रतिस्पर्धी आहे कर्टिस नावाचा अमेरिकन वैमानिक. इथे विमानवेड्यांना खास मेजवानी आहे. मार्कोच्या विमानाची ठेवण इटलीच्या माकी एम-३३ या विमानावरून घेतलेली, आणि कर्टिसचं विमान अमेरिकेच्या कर्टिस आर-३-सीच्या घराण्यातलं. १९२५ साली अमेरिकेत बाल्टिमोरला, पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या श्नायडर करंडकाच्या शर्यतीत ही दोन्ही विमानं खरोखर समोरासमोर होती. अमेरिकन जिम डूलिटल पहिला आला, माकी तिसरं. पडद्यावरचा सामना म्हणजे इटलीला मिळालेली दुसरी संधीच! तोही कसा संपतो? बंदुका चालेनात, तेव्हा दोघं हाताला येईल ते एकमेकांवर भिरकावतात आणि शेवटी गुडघाभर पाण्यात गुद्दागुद्दी.

मार्कोला डोंगरातून वाट दाखवणारा फेरारिन हे नावही खऱ्या इतिहासातलं. आर्तुरो फेरारिन १९२० साली रोमहून टोकियोपर्यंत उडत गेला होता, वाटेत दिल्ली आणि कलकत्ता घेत.

मियाझाकींच्या घरचा कारखाना दुसऱ्या महायुद्धात झीरो या जपानी लढाऊ विमानांचे सुटे भाग बनवायचा. विमानाचं वेड आणि विमानानं केलेल्या संहाराची बोच, दोन्ही त्यांना घरातूनच मिळालं. 'फॅसिस्ट होण्यापेक्षा डुक्कर बरा' असं मार्को म्हणतो, तेव्हा तो विनोद राहत नाही.

बघणार असाल तर शेवटी नावं सुरू झाल्यावर उठू नका. विमानाच्या बाल्यावस्थेतली चित्रं एकामागून एक येतात, आणि त्यांतले वैमानिक नीट निरखून बघा. तीही डुकरंच!