आधी हिशेबपट्टी वाचायला शिकवा

(कापूस उत्पादक पालकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, सरकारी यंत्रणा मोडीत काढा असं मी म्हणतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग शेतकऱ्याला वाली कोण? त्याचं उत्तर मी कापसाच्याच इतिहासातून देणार आहे. तो आपल्या घरात घडला आहे.

१९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. व्यापारी हंगामात भाव पाडत, काट्यात मारत, हे खरंच होतं. पण त्यावर उपाय असा काढला, की आपला कापूस योजनेबाहेर कुणाला विकणं हाच गुन्हा ठरला. ग्राहक एकच, सरकारी यंत्रणा. प्रत तो ठरवणार, भाव तो ठरवणार, चुकारे, म्हणजे मालाचे पैसे, कधी द्यायचे तेही तोच. बाहेर भाव चढला की कापूस रातोरात शेजारच्या आंध्रात आदिलाबादकडे किंवा मध्य प्रदेशात निघायचा, आणि स्वतःचं पीक विकणाऱ्या माणसाला तस्कर म्हणायचे. बाहेर भाव पडला की उलट शेजारच्या राज्यांतला माल इकडे यायचा. म्हणजे योजनेला दोन्हीकडून तोटा, आणि तो हजारो कोटींवर गेला.

आता तारखा बघा. १९९१ साली बहुतेक उद्योगांवरचं परवान्याचं बंधन गेलं. १९९२ साली भांडवल निर्गम नियंत्रकाचं कार्यालय बंद झालं. तोवर कंपनीला आपला शेअर कितीला विकायचा याचीही या कार्यालयाकडून परवानगी घ्यावी लागे. कंपनीचा हा जाच संपला. कापूस पिकवणाऱ्याला खासगी व्यापाऱ्याला माल विकायची मोकळीक मिळायला २००२ उजाडलं. कारखानदाराला जे मिळालं, ते शेतकऱ्याला दहा वर्षं उशिरा. याचा मला आजही संताप येतो, आणि तो तुम्हालाही यावा असं मला वाटतं.

पण दार उघडल्यावर काय झालं, हेही प्रामाणिकपणे बघू. अंगणात व्यापाऱ्याची गाडी आली, त्याने बोंडातला कापूस चिमटीत धरला, ओढून पाहिला आणि भाव सांगितला. आपण ‘बरं’ म्हटलं. धागा किती लांबीचा, ओल किती, रुईचा उतारा किती, म्हणजे सरकी काढल्यावर रुई किती निघते, हे विचारायची सवयच आपल्याला राहिली नव्हती. तीस वर्षं दुसऱ्याने ठरवलं आणि आपण रांगेत उभे राहिलो. कार्यालय एका आदेशाने बंद होतं, रांगेची सवय आदेशाने जात नाही. म्हणून मी यंत्रणेच्या विषयात मुलांना ओढतो. ती सवय तुटली तर घरातच तुटेल.

शेतकरी संघटना उभी करणारे शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले, तेव्हा त्यांनी केलेली एक गोष्ट मला आंदोलनांइतकीच मोठी वाटते. त्यांनी शेतीचा जमाखर्च नीट लिहून ठेवला. शेती तोट्यात का जाते, हा प्रश्न त्यांना स्वतःच्या वहीतल्या आकड्यांनी विचारायला लावला. अशी वही आपल्या किती घरांत आहे? आणि असली तर ती मुलांच्या हाती कधी दिली?

या हंगामात एवढं करा. कापूस विकून आलात की हिशेबपट्टी, म्हणजे वजन, भाव आणि रक्कम लिहिलेला कागद, खिशातून थेट कपाटात टाकू नका. दहा-बारा वर्षांच्या मुलापुढे ती ठेवा आणि त्यालाच वाचू द्या. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, राहिलेल्यात जवळजवळ सगळी सरकी, म्हणजे कापसाचं बी. १७० किलोची एक गाठ बांधायला किती क्विंटल कापूस लागेल? त्याला करू द्या हिशेब, पाच येतील. मग रुईचा भाव आणि सरकीचा भाव त्यानेच शोधावा, जिनिंगचा, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करण्याचा, खर्च वजा करावा आणि आपल्याला मिळालेल्या पैशाशी ताडून पाहावा. सीसीआय, म्हणजे केंद्र सरकारचं भारतीय कापूस महामंडळ, ८ टक्क्यांवर ओल असली की भाव कापते आणि १२ च्या वर माल घेत नाही. मग पहाटेच्या दवात वेचलेला कापूस तसाच गाडीत भरायचा की आधी वाळवायचा? हे त्याला सांगू नका, विचारा. त्याचं उत्तर चुकलं तर चुकू द्या. आपण घाईने बरोबर उत्तर देऊन टाकतो, तिथे आपणही त्याच्यासाठी एक खरेदी केंद्रच होतो.

सगळ्या यंत्रणा मोडा असं मी म्हणत नाही. वजनकाटे तपासणारा वैधमापन निरीक्षक मला हवा आहे, आणि आज दिसतो त्याहून जास्त वेळा दिसायला हवा. सीसीआयने हमीभावाने खरेदी करावी, अनेक ग्राहकांतली एक म्हणून. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता, असा भाव पडत्या बाजारात आधाराला येतो. पण आपला माल कुणी विकत घ्यायचा आणि कुणी नाही, हे ठरवणारं कुठलंही कार्यालय मला पुन्हा नको, मग ते कितीही कनवाळू असो.

शेवटी एक अवघड गोष्ट. मूल एकदा विचारायला लागलं की ते व्यापाऱ्याला विचारून थांबणार नाही. लेक विचारेल, वेचणी आईने केली, मग पैसे तिच्या खात्यावर का नाहीत? सातबाऱ्यावर तिचं नाव कुठे आहे? शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकांच्या नावावर जमिनी करायला लावल्या, तेव्हा मुंबई-दिल्लीशी भांडणाऱ्या कार्यकर्त्यांना आधी आपल्या उंबऱ्याच्या आतलं उत्तर द्यावं लागलं. तुमच्या लेकीने असं विचारलं तर तिला गप्प बसवू नका. वही काढा, तिच्या आईला शेजारी बसवा आणि तिघं मिळून वेचणीचे दिवस मोजायला सुरुवात करा.