आधी बसवा, मग रंगवा

मंडळी, विषय फळ्यावर लिहिलेलाच आहे. गाडीचा नवा पार्ट आधी गाडीवर बसवून बघायचा, फटी जुळवायच्या, आणि मगच तो रंगवायचा. म्हणायचं एवढंच आहे. यावर तासभर कसा बोलणार, अशी काळजी आयोजकांना होती. मला नव्हती. मी पेंटर आहे. फिटिंगवर बोलायला उभा राहिलो तरी रंगावर घसरणार, हे घरचे ओळखून आहेत.

नवा दरवाजा किंवा फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, काळा येतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तो काळा थर विजेचा प्रवाह सोडलेल्या टाकीत पार्ट बुडवून चढवलेला असतो, जाडी साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गंजाविरुद्धची खरी भिंत तीच. तरी गॅरेजात एखादा उत्साही पोरगा पॉलिश पेपर घेऊन तो पत्र्यापर्यंत घासतो आणि वर विचारतो, ‘मास्तर, कसा चकाचक केलाय?’ अरे बाबा, वरवर खरखरीत कर, प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, धरण्यापुरता. बाकीचा राहू दे.

आता माझं जुनं दुखणं. कलर कोड.

गाडीच्या दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर रंगाचा कोड असतो. लोकांची समजूत अशी की कोड दिला, डबा आला, फवारला, संपलं. मी पूर्वी एका गॅरेजात होतो, नाव सांगत नाही. तिथल्या मालकांची या कोडवर अढळ श्रद्धा. एक चंदेरी गाडी आली, डावा पुढचा दरवाजा नवा टाकायचा होता. कोडप्रमाणे रंग बनवून आणला. घाई होती म्हणून दरवाजा स्टँडवर आडवा ठेवून रंगवला गेला. मी म्हटलं, हा उभा टांगा, गाडीवर असतो तसा. मालक म्हणाले, ‘रंगाला काय कळतंय आडवं-उभं?’

संध्याकाळी बाई गाडी घ्यायला आल्या. बूथच्या, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीच्या, ट्यूबलाइटखाली दरवाजा बेमालूम. गाडी बाहेर काढली, ऊन तिरपं आलेलं. बाई काही बोलल्या नाहीत. हेडलाइटपाशी उभ्या राहिल्या, दरवाजाकडे बघत बघत सावकाश डिकीपर्यंत चालत गेल्या, मग परत आल्या. म्हणाल्या, ‘इकडून बघितलं तर दरवाजा माझा आहे. तिकडून बघितलं तर शेजाऱ्यांचा आहे.’ (हशा) मालकांनी डब्यावरची चिठ्ठी दाखवली. ‘मॅडम, कोड तोच आहे.’ बाई म्हणाल्या, ‘मग चिठ्ठीच चिकटवून द्या दरवाजावर.’ त्यावर मालकांनी शेवटचं अस्त्र काढलं: ‘दोन-चार महिने उन्हात राहू दे, जुळून येईल.’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असणार. हात वर करा बघू… झाला की निम्मा हॉल! उन्हाने रंग जुळत नाही हो. जुना रंग त्याच्या वयाने उतरतो, नवा त्याच्या.

बाईंनी चालत जाऊन केलं, तीच खरी परीक्षा. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. पाण्यावर पडलेल्या पानांसारखे ते सपाट पसरले, तर समोरून रंग उजळ आणि बाजूने गडद दिसतो. वेडेवाकडे उभे राहिले की समोरची चमक जाते. ते कसे बसणार, हे स्प्रे गनचं प्रेशर, हाताचं अंतर, थिनर किती लवकर उडतो, पार्ट उभा आहे की आडवा, यावर ठरतं. कोरडा फवारा मारला की रंग उजळ येतो, ओला मारला की गडद. डबा एकच, पेंटर एकच, आणि सकाळी-दुपारी दोन वेगळे रंग निघू शकतात. त्यात कारखान्यात हा रंग गरगर फिरणाऱ्या, घंटेच्या आकाराच्या तोंडातून, विजेचा भार देऊन उडवतात. आमच्याकडे हातातली गन. पापुद्रे एकसारखे बसतील कसे? शिवाय एकच कोड कारखाना वर्षानुवर्षं वापरतो आणि रंग मात्र थोडा-थोडा सरकत जातो. म्हणून रंग बनवणाऱ्यांकडे एका कोडखाली अनेक छटा नोंदवलेल्या असतात. कोड म्हणजे फक्त गल्ली कळली, घर शोधायचं बाकीच आहे.

फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात निघायची. लोक त्याला हसतात. मला त्या काळच्या पेंटरचा हेवा वाटतो.

मग करायचं काय? एका कार्डावर तोच रंग, तितकेच हात, त्यावर लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, असं सगळं मारून वाळवायचं आणि कार्ड गाडीला टेकवून उजेडात बघायचं: समोरून, तिरपं, अगदी कडेने. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात फुटतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. इतकं करूनही नव्या दरवाजाचा रंग शेजारच्या पार्टवर थोडा विरवत न्यावा लागतो आणि त्या पूर्ण पार्टवर लॅकर मारावं लागतं. डोळा दोन पार्टमधल्या कडेवरचा फरक लगेच पकडतो, हळूहळू बदलणारा पकडत नाही.

इथे गिऱ्हाइकाशी भांडण होतं. ‘माझ्या चांगल्या फेंडरला हात का लावला? उद्या विकताना रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरवर दिसेल!’ दिसेल ना. कारखान्याचा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. वर लॅकरचा हात आला की पन्नासेक वाढतील. पुट्टी भरलेल्या पत्र्यावर मीटर कित्येक शे दाखवतो. ज्याला मीटर वापरता येतो त्याला हा फरक कळतो. ज्याला येत नाही, तो दोन रंगांचे दरवाजे बघून तसाही भाव पाडणारच आहे.

आणि तोंडाला साधं फडकं बांधून लॅकर मारणाऱ्या पोरांबद्दल… या लॅकरच्या हार्डनरमध्ये, म्हणजे ते कडक करायला मिसळतात त्या द्रवात, आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने कायमचा दमा जडतो. बाहेरची शुद्ध हवा नळीने देणारा मास्क लागतो. काम द्यायच्या आधी पेंटरच्या तोंडावर काय आहे ते बघा.

ही चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता फळ्यावरचा विषय! (हशा)

नवा फेंडर आला की काळाच असताना बोल्टवर बसवा. सोबत बोनेट, दरवाजा, हेडलाइट, बंपरही जागेवर लावा. एकेकटा बघून उपयोग नाही. फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी आणि दोन्ही पत्रे एका पातळीत हवेत. बोल्टची भोकं मोठी ठेवलेली असतात ती सरकवायलाच. त्यानेही जमलं नाही तर कड ठोकावी लागते, आणि ती ठोकायची वेळ हीच. रंगवून आणलेला पार्ट ठोकला तर रंगाचा टवका उडतो, मग ब्रशने ठिपके देतात आणि पावसाळ्यानंतर तिथूनच गंज बोलायला लागतो. मूळ कंपनीचा नसलेला पार्ट असेल तर बसवून बघणं सक्तीचंच समजा. बसत नसेल तर काळा परत घेतात, रंगवलेला कोणी घेत नाही.

फटी जुळल्या की खुणा करून उतरवा. दरवाजाला आतून जिथे पत्रा दुमडलेला असतो, तिथे फट बुजवणारं सीलर भरा. आतल्या बाजू आणि कडा आधी रंगवा, बाहेरचा रंग नंतर. परत बसवताना शेजारच्या कडांना टेप लावा. बूथमध्ये साधारण ६० अंशांवर भाजलं तरी लॅकर आतून पक्कं व्हायला वेळ घेतं. काही आठवडे वॅक्स नको. कारखान्यात १४० अंशांच्या आसपास भाजतात. ते आपल्याला परवडत नाही, कारण गाडीत वायरिंग आणि प्लास्टिक भरलेलं असतं.

बंपरचं वेगळं. कच्च्या प्लास्टिकवर रंग धरत नाही, आधी पकड देणारा खास प्रायमर लागतो. पार्किंग सेन्सरची भोकं रंगाआधी पाडा. तुटलेल्या क्लिपा आधीच मोजून मागवा, नाहीतर बंपर एका बाजूने लोंबत घरी येतो. बंपरमागे समोरच्या गाडीचं अंतर वगैरे ओळखणारं रडार असेल तर त्याच्यासमोर पुट्टी अजिबात नको. मेटॅलिक रंगाचे जादा थरही नकोत, रडारचे किरण अडतात. कंपनीने त्या जागेसाठी जाडीची मर्यादा दिलेली असते, ती गॅरेजला काम देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

दुसरी चिठ्ठी. उरलेले प्रश्न खाली गाड्यांपाशी घेऊ, तिथे उजेडही बरा आहे.